बिनटाक्याच्या चादरी

देव भेटायचा असेल तर माणसाने उंच जावं, असं जगातल्या बहुतेक थोर लोकांनी सांगून ठेवलं आहे. डोंगरमाथा, मनोरा, अगदीच काही नाही तर घराची गच्ची. ती मात्र अकरा पायऱ्या उतरून एका तळघरात गेली, आणि गेली तीही देवासाठी नव्हे. ‘समाजसेवा : साठ तास’ हा रकाना भरल्याखेरीज कॉलेज पदवी द्यायला तयार नव्हतं.

कामं तीन होती. रोपं लावणं आणि रक्तदान शिबिरात बिस्किटं वाटणं ही दोन हुशार मुलांनी पहिल्याच दिवशी लाटली. ती यादीपाशी पोचली तेव्हा कारखान्यामागच्या वस्तीतलं धुलाई केंद्र तेवढं उरलं होतं.

कारखाना चादरींचा होता. एके दिवशी तो बंद पडला. मालक रडला असं म्हणतात, पण रडताना पाहिलेलं कुणी नाही. जाताना त्याने गोदाम उघडं टाकलं, आणि ज्याच्या हातात जेवढ्या मावल्या तेवढ्या चादरी घेऊन जो तो घरी गेला. त्यामुळे वस्तीत काम नव्हतं, नळाला धड पाणी नव्हतं, जिन्यांना कठडे नव्हते, पण चादरी राजवाड्यात शोभतील अशा होत्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच विणीच्या. वस्ती उपाशी झोपली तरी थाटात झोपायची.

पाणी घरोघरी नसल्याने या चादरी धुवायच्या एकाच जागी, कारखान्याच्या जुन्या कॅन्टीनखालच्या तळघरात. तिथे मावशीचं राज्य होतं आणि दोन यंत्रं होती. एकाचं नाव मोठी जाऊ, दुसऱ्याचं धाकटी. मोठी नुसता आवाज करायची, काम सगळं धाकटी करायची.

“तुझं नाव काय ते राहू दे,” मावशी पहिल्या दिवशी म्हणाली. “मागची आली तिचं पाठ करेपर्यंत ती निघून गेली. कॉलेजातून आलीस ना? मग तू कॉलेज.”

झालं. आठवड्याभरात सगळी वस्ती “ए कॉलेज, बादली धर”, “कॉलेज आली का गं?” असं म्हणायला लागली, आणि तीही ओ द्यायला लागली.

ती संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. देवाशी तिचे संबंध चांगले होते, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकांशी असतात तितके. जिन्यात भेटले की मान लववायची, काही लागलं तर सांगायचं. घरी सकाळी सगळे मिळून प्रार्थना करत आणि त्यात ती लहानपणापासून आपली यादी हळूच घुसडत आली होती. परीक्षा, आईचा गुडघा, बाबांची बढती, केस गळणं. गेल्या वर्षभरात मात्र यादी म्हणताना तिला शंका यायला लागली होती, की पलीकडे कुणी फोन उचललेलाच नाही. हे घरात बोलायची सोय नव्हती. श्रद्धेच्या विषयात बाबांनी तिला कायम पैकीच्या पैकी गुण दिलेले होते.

सकाळी धुवायचं, दुपारी वाळत घालायचं, संध्याकाळी घरोघरी पोचवायचं, असं काम होतं. त्यातली दुपार तिला आवडायची. केंद्रामागच्या मोकळ्या आवारात खांबाखांबांना दोऱ्या ताणलेल्या होत्या, सतरा रांगा. सगळ्या चादरी चढल्या की तिथे एक घर उभं राहायचं, त्याला छप्पर नव्हतं आणि खोल्या मोजता येत नव्हत्या. आत शिरलं की वस्ती नाहीशी व्हायची. पांढऱ्या भिंती श्वास घेतल्यासारख्या फुगायच्या, बसायच्या. एखादी भिंत उचलली जायची, पलीकडे आणखी एक खोली दिसायची, तिथे कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटायचं. ऊन गाळून यायचं, दुधात पाणी घातल्यासारखं. तिथे उभं राहून तिने दोन-तीनदा यादी म्हणून पाहिली. पण भिंतींना तिच्या केसांत काही रस दिसला नाही.

पोचवण्याच्या फेरीत तिला लिफ्टवाले आजोबा भेटले. आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या कचेरीत साहेबलोकांना वर-खाली नेलं होतं. आता त्यांच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट सहा वर्षं बंद होती आणि ते चौथ्या मजल्यावर होते.

“आजोबा, तुमची चादर कधी येत नाही धुवायला.”

“नाही येत.”

“का?”

“तिला जिने झेपत नाहीत.”

हळूहळू कळलं ते असं. आजी जाऊन वर्ष झालं होतं. त्या ज्या चादरीवर गेल्या ती आजोबांनी काढलीच नव्हती. पलंगाच्या एका अंगाला ते निजत, दुसरं अंग तसंच ठेवत. तिथे एक खळगा होता, आणि आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे वासही होता. तिला आला तो नुसत्या धुळीचा.

“स्वच्छ चादरीवर झोप चांगली लागते, आजोबा,” ती म्हणाली. “आजींनाही तेच आवडलं असतं.”

मेलेल्या माणसाला काय आवडलं असतं हे छातीठोकपणे सांगायला माणूस विशीतलाच लागतो. दोन आठवडे ती हे सांगत राहिली. तिसऱ्या आठवड्यात आजोबांनी चादर काढली, आठ घड्या घातल्या आणि तिच्या हातात देताना एकदाच विचारलं, “माझीच परत येईल ना?”

“इथली चादर आजवर कधी हरवलेली नाही,” ती म्हणाली. हे त्या दिवसापर्यंत खरं होतं.

आता एकसारख्या शेकडो चादरींतून ज्याची त्याला कशी जायची, हे सांगायला हवं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. वस्तीत प्रत्येक घराचा टाका होता, चादरीच्या कोपऱ्यात घातलेला, रंगीत दोऱ्याचा. शाई धुऊन जाते, टाका जात नाही. पाववाल्याची पिवळी फुली होती, शिवणवालीचा हिरवा त्रिकोण. समोरासमोर राहणाऱ्या दोघी बहिणींचे दोन-दोन लाल टाके होते, पण नऊ वर्षं बोलणं बंद असल्यामुळे ते विरुद्ध कोपऱ्यांत होते. दोऱ्याचं टोक मुद्दाम बोटभर लांब सोडायचं, म्हणजे घाईत सापडतं. मावशी संध्याकाळी नुसती टोकं बघून गठ्ठे लावायची. नवख्या मुलीला हे समजावून सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. श्वास कसा घ्यायचा हे काय कुणी सांगत बसतं?

त्या दिवशी मावशी दाढ काढायला गेली होती. आणि कॉलेज अशा घरातून आली होती जिथे लोंबता दोरा म्हणजे बेअब्रू. तिची आई पर्समध्ये छोटी कात्री बाळगायची. आईची मुलगी दुपारभर सतरा रांगांतून फिरली आणि एकशे त्रेचाळीस चादरींचे लोंबणारे दोरे तिने मुळापासून, अत्यंत सफाईने, कापून काढले. शेवटी तिने सगळे दोरे गोळा करून कचऱ्यात टाकले आणि तिला फार पवित्र वाटलं.

मावशी संध्याकाळी आली. एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला. मग पंधरा-वीस कोपरे भराभर पाहिले. गाल सुजलेला असल्यामुळे तिला ओरडता येईना. त्या दिवसातला एवढाच काय तो दिलासा.

“अगं टवळे,” ती अर्ध्या तोंडाने म्हणाली, “अख्ख्या वस्तीचं नाक कापलंस.”

चादरी मग अंदाजाने वाटल्या. लोकांनी चार शिव्या दिल्या आणि घेतल्या. चादरीसारखी चादर, त्यात काय एवढं? अडलं ते फक्त चौथ्या मजल्यावर.

“टाका कापलास?” आजोबांनी विचारलं.

“हो.”

“का?”

“लोंबत होता.”

“लोंबतो तर मीही आहे,” आजोबा म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर ती सुटली असती. त्यांनी तिने आणलेली चादर घडीसकट स्टुलावर ठेवली. “ही कुणाची कोण जाणे. या वयात दुसऱ्याच्या बायकोच्या चादरीवर मी झोपणार नाही. तिची मिळाली की पडेन आडवा.”

आणि ते खुर्चीत बसले. त्या रात्री, दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री. नुसत्या गादीवर पडायलाही तयार होईनात. बसल्या बसल्या मान कलायची, धक्का बसून जाग यायची. दहाव्या दिवशी पाय सुजले. दवाखान्यातली नर्स जिने चढून आली, तिने बोटाने पाय दाबला तर खड्डा तसाच राहिला. “आडवं व्हा म्हणून सांगा यांना,” ती दारात कॉलेजला म्हणाली. “आणखी महिनाभर असे बसले तर पाय कामातून गेले समजा. आणि पायांवर थांबलं तर नशीब.”

त्या दुपारी चादरींच्या घरात उभी राहून तिने पहिल्यांदा यादी सोडून प्रार्थना केली. आजोबांची चादर मिळू दे. परीक्षा जवळ आली होती, ती सांगायची विसरलीच.

आणि मग वस्तीला स्वप्नं पडायला लागली.

पहिला बोलला पाववाला. शुक्रवारी आवारात गठ्ठे घ्यायला माणसं जमली होती.

“च्यायला, रात्रभर सुईत दोरा ओवतोय मी. ओवतोय, ओवतोय, जातच नाही! भट्टी पेटवायला उशीर झाला.”

“थांब थांब,” शिवणवाली म्हणाली. “दोरा निळा होता?”

“निळाच.”

“माझी चादर आहे ती! आण इकडे. मी इथे आठ दिवस गुडघाभर पिठात उभी आहे, म्हटलं ही काय अवदसा!”

दोघांनी तिथल्या तिथे चादरी बदलल्या. निवृत्त ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, “रोज रात्री एक कुत्रं माझ्या मागे लागतं.”

सगळ्यांनी पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमन लाजला आणि पुढे झाला.

दोघी बहिणींपैकी धाकटीने आपला गठ्ठा काखेत मारला. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, “सगळी रात्र भांडी घासतेस तू. स्वप्नात तरी बसावं माणसाने.”

थोरली म्हणाली, “आणि तू सारखी दार उघडून बघतेस. कुणाची वाट बघतेस एवढी?”

नऊ वर्षांनी झालेलं हे बोलणं. चादरी मात्र त्यांनी बदलल्या नाहीत.

योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. एकशे त्रेचाळीस चादरी, एकेचाळीस घरं, काही जुळायचंच. पुस्तकात याला सूत्र होतं. पण साठ तास कधीच भरले असूनही पुढच्या शुक्रवारी ती वही घेऊन आवारात बसली आणि कुणाला काय पडलं ते लिहून घेऊ लागली. लोक रांगेने यायचे, दवाखान्यात यावं तसे. “पाण्यात पडतो, पण ओला होत नाही.” “एक बाई मला अंकगणित शिकवते.” “काही नाही पडत गं, नुसता पिवळा रंग.” ती विचार करायची, घर सांगायची, आणि बहुतेक वेळा ते घर म्हणायचं, हो, आमचाच तो पिवळा. सकाळच्या वेळी सगळी वस्ती अर्धवट जागी, चादरी खांद्यावर टाकून एकमेकांच्या दारात उभी असायची आणि बोलणी चाललेली असायची ती दबक्या आवाजात, झोपलेल्या कुणाला तरी उठवायचं नसल्यासारखी.

लिफ्ट मात्र कुणाच्याच स्वप्नात येईना.

“मावशी,” तिने एकदा पिळे काढता काढता विचारलं, “तुमचा देवावर विश्वास आहे?”

“आहे की.”

“मग तुम्ही प्रार्थनेत काय मागता?”

“मी कशाला मागू? त्याला दिसत नाही का, मोठी जाऊ बंद आहे ते?”

तिची प्रार्थना दिवसेंदिवस आखूड होत गेली. आधी वाक्य होतं. मग नुसतं ‘आजोबा’ एवढंच उरलं. एका दुपारी चादरी घालता घालता तिच्या लक्षात आलं की तेही म्हणायचं राहून गेलंय, अर्धा तास झाला ती गप्प आहे, आणि त्या गप्पपणात कुणीतरी सोबत आहे. फोन उचललेला आहे आणि पलीकडचा काही न बोलता ऐकतो आहे, तसं. ती हलली नाही. चादर हातातच राहिली. भिंत फुगली, बसली, आणि एक खोली उघडी राहिली.

चौथ्या शुक्रवारी वाटप संपलं. प्रत्येक घराने आपापल्या चादरी ओळखून नेल्या, निदान तसं म्हणाले. चौथ्या मजल्यावर आजोबांची मान आता दिवसाही कलायला लागली होती. ती रिकाम्या हातांनी तळघरात उतरली. मावशी धुण्याचा सोडा आणायला गेली होती. धाकटी जाऊ मंद घुमत होती. मोठ्या टेबलावर एकच चादर अंथरलेली उरली होती. तिने खुर्ची ओढली आणि जरा वेळ टेबलावर डोकं टेकलं.

ती एका लिफ्टमध्ये होती. लिफ्टची लादी इतकी लख्ख होती की तिच्यात आभाळ दिसत होतं. कोपऱ्यात एक ठेंगणी बाई अनवाणी उभी होती, चपला हातात धरून.

“कितवा?” बाईने विचारलं.

“चौथा.”

“मग तू उतर. मला वर जायचंय अजून.” दार उघडलं. बाईने चपला या हातातून त्या हातात घेतल्या. “आणि त्यांना म्हणावं, पाय वर घ्या.”

जाग आली तेव्हा गालावर विणीचे वळ उठले होते. सगळ्यांच्या चादरी गेल्या होत्या आणि ही उरली होती. यापुढे सूत्राची गरज नव्हती. तिने चादर टेबलावरून ओढली आणि चार मजले एका दमात चढली.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. ती सांगत सांगत चपलांपाशी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

“चपला हातात?”

“हो.”

“लादी मी स्वतः पुसायचो,” आजोबा म्हणाले. “साहेब चिखलाचे बूट घेऊन चढायचे. तिला एकदा वर नेली होती, शहर दाखवायला. दारातच चपला काढल्यान. म्हटलं अगं, घाल. तर म्हणे, तुम्ही पुसलंय ना?”

दोघांनी मिळून चादर पसरली. एका कोपऱ्यात तपकिरी डाग होता, तिकोनी, इस्त्रीच्या टोकाचा. तिने तो आत्ताच पाहिला आणि तिचा जीव वर-खाली झाला. आजोबांनीही पाहिला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर अजून विणीचे वळ होते आणि महिन्याभराचं जागरण होतं. परत डागाकडे पाहिलं.

“तिचीच,” ते म्हणाले. डागावरून त्यांनी अंगठा फिरवला. “इस्त्री करताना बोलायची खोड फार. कितीदा सांगितलं, आधी खाली बघ.”

मग ते पलंगाच्या आपल्या अंगाला आडवे झाले, दुसरं अंग मोकळं ठेवून. तिने एकेक करून त्यांचे पाय वर घेतले, खाली उशी सरकवली. दुसरा पाय उशीवर टेकायच्या आत ते घोरत होते.

ती त्यांच्या खुर्चीत बसून राहिली. खिडकीतून खालचं आवार दिसत होतं. रांगा रिकाम्या होत्या, दोऱ्या तेवढ्या हलत होत्या. घर मोडलं होतं, तरी त्या खोल्या तिला तिथेच दिसत होत्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. तिने काही मागितलं नाही. आभारसुद्धा मानले नाहीत, मध्येच बोलायला नको म्हणून. ऊन भिंतीवरून पलंगावर आलं, पलंगाच्या रिकाम्या अंगावर थोडा वेळ थांबलं, आणि गेलं.

आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. आठवड्यात सूज उतरायला लागली. नर्सने त्याचं श्रेय गोळ्यांना दिलं.

सोमवारी मावशी तळघरात टेबलाभोवती दोन चकरा मारून म्हणाली, “ए कॉलेज, इथलं अंथरलेलं कुठे गेलं गं?”

“काय अंथरलेलं?”

“माझी इस्त्रीची चादर. कोपऱ्यात डाग आहे बघ. पाववाल्याशी भांडता भांडता भाजली होती मी.”

तिच्या हातातली बादली खाली टेकली. मग तिने सांगितलं, काहीही न वगळता. मावशी स्टुलावर बसली.

“डाग बघितला त्यांनी?”

“बघितला.”

“काय म्हणाले?”

“आजींनीच पाडला म्हणाले.”

धाकटी जाऊ पाणी टाकून गप्प झाली. मावशी पदराने तोंड पुसत बसली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“झोपले?”

“झोपले.”

“मग राहू दे त्यांच्याकडे,” मावशी म्हणाली आणि उठून टेबलासाठी दुसरी चादर शोधायला लागली.

त्या दुपारीही ती सतराव्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं आता तिथे काही नसेल. पण होतं, आणि पूर्वीपेक्षा जवळ होतं. पलीकडे कुणी आहे की नाही, ही शंका तिला पुन्हा कधी आली नाही. जो आहे तो वेळ पडली तर खोटंही बोलतो, एवढीच तिच्या माहितीत भर पडली होती.

आजोबांच्या घरात इस्त्री कधीच नव्हती. त्यांचा लिफ्टमनचा गणवेश बत्तीस वर्षं मावशीच इस्त्री करून देत असे.